नवरीच्या झग्याला दोन शेपट्या

स्तामेना उझुनोवा हिच्या आडनावाचा अर्थ होतो ‘उंच माणसांच्या घरातली’. आडनाव नवऱ्याकडून आलं, उंची मात्र त्याच्याकडेच राहिली. ती शिलाईच्या यंत्रापुढे बसलेली असो की उभी, गिऱ्हाइकाला फारसा फरक दिसत नसे. हे तीच सांगायची, आणि समोरचा हसायच्या आत स्वतः हसून मोकळी व्हायची. लोक हसणारच आहेत, तर निदान पहिला मान आपला असावा, असं तिचं म्हणणं.

पेत्रिचमध्ये ती लग्नाचे झगे शिवायची. शहर संपून बेलासित्सा डोंगराकडे रस्ता चढू लागतो तिथे तिचं घर; पुढे पडवी, पडवीवर द्राक्षाचा मांडव. बढाई ती एकाच गोष्टीची मारायची: माझा टाका कधी उसवत नाही. नवरा सोडेल, माझा टाका सोडणार नाही, असं नवरीच्या तोंडावर सांगायची, आणि नवरीच्या आईला ते फारसं आवडत नसे.

आणि भीती एकच: चारापेक्षा जास्त पाय असलेल्या कशाचीही. तिचा नवरा स्पास काचघरांची दुरुस्ती करायचा, म्हणजे दिवसभर मिरच्या-टोमॅटोंत आणि त्यांच्यावरच्या किड्यांत. तो म्हणायचा, “मुंगी दिसली की तू खुर्चीवर चढतेस. त्या बिचारीला वाटत असेल, मी कोण एवढी मोठी लागून गेले!”

पन्नाशीला आली तशी तिची नजर अधू झाली. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर यायची, तरी दोरा बाहेरच. शेवटी स्पासने तिला एक दिवा आणून दिला, लांब मानेचा, पुढे ताटलीएवढं भिंग. त्याखाली ती मणी शिवू लागली. त्या दिवशी दुपारी काळ्या मखमलीच्या जाकिटावर तिचं मणीकाम चाललं होतं. बघते तर विखुरलेल्या मण्यांत एक मणी वेगळाच. अर्धा पाचूसारखा हिरवा, अर्धा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, आणि दोन्ही रंगांवर अशी चकाकी, की बाकीचे मणी त्याच्यापुढे चिंचोके वाटावेत. राजधानी सोफियातल्या दुकानदाराने चुकून भारी माल टाकला, म्हणून ती मनात खूश झाली. सुईने उलटापालटा करून मण्याचं भोक शोधू लागली.

मणी उघडला. आतून सहा पाय निघाले, दोन मिशा निघाल्या. मिशा नीट करून त्याने वर पाहिलं, मापात चूक सापडलेलं गिऱ्हाईक पाहतं तसं.

स्तामेना किंचाळली. खुर्ची पडली, मण्यांची डबी पडली, स्पास हातोडी घेऊन धावत आला.

“कोण आहे? कुठे आहे?”

“मणी!” ती म्हणाली. “मण्याला पाय फुटले!”

स्पासने वाकून पाहिलं. “ही गांधीलमाशीची लांबची बहीण. घाबरली की अंगाचं वेटोळं करते. तू तिला जाकिटावर शिवत होतीस?”

“भोक सापडलं असतं तर शिवलीच असती.”

तो हसत हसत गेला. माशी अजून मखमलीवर, भिंगाखाली. स्तामेना दारात उभी. तिथूनच तिला भिंगात हिरवं काहीतरी हललेलं दिसलं. एक पाऊल पुढे आली. मग आणखी एक. “धीरबीर काही नव्हता ग,” ती पुढे सांगायची, “हाव होती. असलं कापड कुठल्या गिरणीत विणतात, ते मला कळायला हवं होतं.” माशीच्या पाठीवर बारीक बारीक खळगे होते, जणू सोनाराने ठोकून काढलेले, आणि प्रत्येक खळग्यात वेगळा हिरवा. माशी उडून गेली तेव्हा ती चक्क हळहळली.

तिथून तिला नाद लागला. भीती काही गेली नाही. ती किडे पाहायची ते दोन हातांवरून, भांडी पुसायचं फडकं ढालीसारखं पुढे धरून. पण पाहायची. मांडवावर पोपटी जाळीच्या पंखांचे किडे यायचे, ते तिला हजार नवरीमुलींच्या ओढण्यांपेक्षा तलम वाटायचे. भिंतीवर हात जोडून बसणारा एक काटकुळा किडा होता, डोक्यावर उंच टोकदार मुकुट. त्याचं नाव तिने ‘विहीणबाई’ ठेवलं, कारण हात जोडलेले आणि नजर समोरच्याला खाऊ की गिळू. जिरेनियमच्या फुलांसमोर हवेत थरथरत उभा राहून लांब सोंडेने मध पिणारा पतंग आला, तेव्हा तिने शेजाऱ्यांना हाक मारून पक्षी म्हणून दाखवला. शेजाऱ्यांनीही पक्षी म्हणूनच पाहिला, त्यामुळे अब्रू वाचली.

एकदा पडद्याला तळहातापेक्षा मोठा पतंग चिकटलेला दिसला. चारी पंखांवर चार डोळे, काठाला राखी-पांढरी किनार, अंगावर ऊबदार लोकर. दोघांनी त्याच्यावरून भिंग फिरवून फिरवून तोंड शोधलं. तोंड म्हणावं असं काही सापडेना.

“तोंड नाही, म्हणजे बाई नसणार,” स्पास म्हणाला.

“नवराच आहे. बायकोने बोलू दिलं नाही, म्हणून झडून गेलं.”

टाचण्यांचे डबेच्या डबे घरात, पण तिने एकाही किड्याला टोचलं नाही. आयुष्यभर नवरीमुलींना टोचत आले तेवढं पुरे, म्हणायची. शास्त्रातली नावं तिला ठाऊक नव्हती. विचारलं तर बेधडक काहीतरी ठोकून द्यायची, आणि पुढच्या वेळी त्याच किड्याला दुसरंच नाव सांगायची.

मे संपता संपता ती नणंदेच्या द्राक्षमळ्यावर गेली. वरच्या उतारावर गवत फुललेलं, ऊन चढलेलं. आणि त्या फुलांवर काहीतरी तरंगत होतं. उडत होतं म्हणणं जड पडेल. फिकट पिवळे पंख, त्यांवर तपकिरी नक्षी, कोणीतरी शाईत बुडवून काठ ओढावा तशी. आणि मागचे दोन पंख? ते पंखच नव्हते, लांबच लांब दोन फिती होत्या, अंगाच्या दुप्पट, टोकाला चमच्यासारख्या रुंद आणि किंचित पिळलेल्या. किडा हवेत लटकल्यासारखा, फिती मागे लहरत. मग दुसरा दिसला, तिसरा दिसला. सगळा उतारच जणू सावकाश चाललेलं लग्न.

बघता बघता स्तामेना खाली बसली. बसली ती काटेरी झुडपावर. पण उठली नाही. नणंद मागून ओरडली, “वहिनी, काट्यांवर बसलात!” तर म्हणते कशी, “माहीत आहे. गप बस, उडून जातील.” त्या संध्याकाळी स्पास भिंग घेऊन तिचे काटे काढत होता, आणि ती पालथी पडून कागदावर फिती काढत होती.

इथपर्यंत सारं निरुपद्रवी होतं. घात झाला तो नेव्यानाच्या लग्नामुळे.

नेव्याना ही रुस्काची मुलगी. रुस्का आणि स्तामेना शाळेत एका बाकावर बसलेल्या, पुढे एकमेकींच्या घरी दार न वाजवता जाणाऱ्या. रुस्काला साधा झगा हवा होता: पांढरा, अंगाबरोबर, विषय संपला. पण नेव्याना मापाला आली तेव्हा स्तामेनाने तिला चित्र दाखवलं. हलक्या पिवळ्या रेशमाची झाक, आणि पाठीवरून सुटलेल्या दोन लांब फिती, टोकाला चमच्यासारख्या रुंद.

“मावशी, हे कुठल्या मासिकातलं?” पोरगी हरखली.

“परदेशी आहे,” स्तामेना म्हणाली. धादांत खोटं. किडा नणंदेच्या मळ्यातला होता.

रुस्काने चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं. “ह्या शेपट्या कशाला?”

“शेपट्या नाहीत गं, फिती.”

“मला शेपट्या दिसतात. माझ्या पोरीला तू शेपट्या लावतेयस.”

“आई, मला हव्यात,” नेव्याना म्हणाली, आणि तिथे आईचं काही चालेना.

स्तामेना कामाला भिडली. चमच्यांना आकार राहावा म्हणून कडेने बारीक तार घातली. किड्याच्या पंखांवर होते तसे तपकिरी डाग रेशमातून कापून टोकांवर लावले. आणि फिती पाठीला अशा शिवल्या, तिहेरी दोऱ्याने, मेण लावून, की बैल जुंपला तरी निघू नयेत. झगा पुतळ्यावर चढवला, खिडकी उघडली. वाऱ्याने फिती उचलल्या, लहरल्या. स्पास जेवायला आला होता, तो घास हातात घेऊन उभाच राहिला. म्हणाला, “छान आहे. आता हिने नाचायचं कसं?”

“तू जेव,” स्तामेना म्हणाली.

ह्या एका प्रश्नाला नीट उत्तर दिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, हेही तीच सांगायची. तिने किडा पाहिला होता तो मोकळ्या माळावर, एकटा तरंगताना. पेत्रिचच्या लग्नात कोणी तरंगत नाही.

गडबड चर्चच्या पायऱ्यांवरच सुरू झाली. सासूबाईंना फितींच्या टोकांवर तपकिरी डाग दिसले. त्यांनी सोड्याचं पाणी मागवलं, रुमाल भिजवला आणि वाकून चोळायला लागल्या. “पोरीचा झगा सांडलेल्या कॉफीने माखलाय आणि कुणाचं लक्ष नाही!” स्तामेना गर्दीतून पुढे सरकेपर्यंत एका चमच्यावरचा डाग अर्धा पुसला गेला होता आणि फिकट रेशमावर खरोखरीचा तपकिरी ओघळ आला होता.

पण फजितीचा कळस झाला जेवणाच्या अंगणात. वाजंत्रीवाल्या असानने सनईसारखी झुर्ना फुंकली, त्याच्या भावाने ढोलावर थाप मारली, आणि सगळे हातात हात घालून होरो नाचायला उठले. पुढे नवरी, तिच्यामागे नवरा, मग चर्चमध्ये दोघांच्या डोक्यावर मुकुट धरणारा कूम यांको. यांको म्हणजे दीड माणूस, खाटीकखाना त्याचाच. पहिल्या फेरीत फिती सुंदर उडाल्या. स्तामेनाला हुंदका फुटला. व्हिडिओवाला नेमका तेव्हा तिच्याकडे वळला होता. कॅसेटमध्ये तो हुंदका आहे. दुसऱ्या फेरीत एक फीत ढोलाच्या पट्ट्यात अडकली. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या फितीच्या चमच्यावर यांकोचा पाय पडला.

दुसऱ्या कुणाचा टाका असता तर फीत सुटून हातात आली असती. हा स्तामेनाचा टाका. ढोलवाला एकीकडे खेचला गेला, यांको दुसरीकडे भक्कम उभा, आणि मध्ये नेव्याना, टांगलेल्या धुण्यासारखी मागे ओढली जात गेली, गेली, आणि टेबलावर बसली. टेबलावर काकडी-टोमॅटोची परात होती, वर चीज किसलेलं. नवरी बरोबर परातीत.

झुर्ना थांबली. रुस्का पांढरीफटक पडली.

स्तामेना गळ्यातली कात्री घेऊन पुढे आली. लग्नाला जातानाही कात्री गळ्यात असायची, सवयच तशी. तिने पहिली फीत कापली. दुसरीला कात्री लावली आणि हात थबकला. कापवेना. तीनशे माणसं बघताहेत, पोरगी सॅलडमध्ये बसली आहे, आणि हिला त्या चमच्याचा पीळ किती चांगला साधलाय याची हळहळ!

“कापा हो मावशी,” नेव्याना खालच्या आवाजात म्हणाली. “मला खालून गार लागतंय.”

आणि स्वतःच फस्सकन हसली. मग नवरा हसला, मग सगळं अंगण. स्तामेनाने दुसरी फीतही कापली. यांकोने एक पोटावर बांधली, दुसरी गळ्यात टाकली आणि नाचायला निघाला. लग्न पार पडलं, उलट रंगलं. फक्त रुस्का हसली नाही. निघताना तिने स्तामेनाकडे पाहिलंसुद्धा नाही.

आठवडा गेला, दुसरा गेला. कॅसेट घरोघर फिरली. लोक ती सॅलडपर्यंत पुढे ढकलायचे, मग मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. शिंपिणीने झगा किड्यावरून बेतला होता, हे नणंदेकडून सगळ्यांना कळलं. त्या उन्हाळ्यात एकही नवरी मापाला आली नाही. रुस्काने रस्ता बदलला. भाजी घ्यायला वरच्या चौकातून जाऊ लागली.

स्तामेना दार लावून बसली. हसण्यात पहिला मान आपला घेण्याची तिची सगळी युक्ती इथे चालेना, कारण सगळं गाव आधीच हसून झालं होतं.

“चल, दुकानापर्यंत जाऊन येऊ,” स्पास म्हणाला.

“लोक काय म्हणतील?”

“म्हणून झालं त्यांचं. आता पाव घ्यायला हवा.”

ती गेली. बेकरीत यांको भेटला. त्याने खिशातून काड्यापेटी काढली आणि सगळ्यांसमोर तिच्या हातावर ठेवली. “मावशी, नवीन गिऱ्हाईक आणलंय. ह्याला कोट शिव.” पेटीत काळपट-तांबूस शिंगांचा भुंगेरा होता, शिंगं सांबरासारखी. बेकरी खो खो हसली. स्तामेनाने पेटी टाकली, अर्थात. मग वाकून पाहिलं, फडक्याने उचलली आणि म्हणाली, “कोट आहेच की ह्याला, आणि तुझ्यापेक्षा बेताचा बसलाय. बटणं तटतटत नाहीत.”

त्या दिवसापासून थट्टा म्हणून लोक किडे आणू लागले. बसचा कंडक्टर टोपीत घेऊन आला, पोस्टातली बाई बरणीत. जो आणी तो भिंगाखालीही बघून जाई, आणि वाकलेला माणूस लवकर सरळ होत नसे. पडवीवर कॉफीची भांडी वाढली. काचघरातले दोन कामकरी झाडावरच्या एका ढेकणाच्या पाठीवरच्या लाल-काळ्या पट्ट्यांवरून भांडले: ह्या फुटबॉलच्या कुठल्या संघाच्या?

झुर्नावाला असान मात्र थट्टेने आला नाही. तो डोंगरातून लाकडं आणायचा. दुपारी आला, मिठाईच्या डब्यात बीच झाडाच्या सालीचा तुकडा आणि त्यावर एक भुंगेरा. असान दारातच उभा राहिला, टोपी काढून.

“ताई, हा लाकडावर बसतो. मी ढिगाऱ्यावरून ह्याला नेहमी हाकलायचो. पण तुमचा तो झगा बघितल्यापासून वाटलं, तुम्हाला दाखवावा.”

भुंगेरा धुरकट निळा होता, पहाटेच्या डोंगरासारखा. त्यावर काळ्या मखमलीचे ठिपके, कडेला पांढुरकी रेघ. मिशा अंगापेक्षा लांब, आणि मिशांच्या दर सांध्याला काळा झुबका, गोंडे लावल्यासारखा. स्तामेनाने पाहिलं. मग असानला पाहू दिलं. मग स्पासला.

“तो झगा वाईट नव्हता हो,” असान म्हणाला. “आम्ही फार जोरात वाजवलं.”

त्याच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं म्हणून तिने भिंगावर खापर फोडलं: फार जवळ आणलं की डोळे चुरचुरतात. मग त्याला म्हणाली, ज्या ढिगाऱ्यावरून आणलास तिथेच नेऊन सोड. असानने नेऊन सोडला.

ऑगस्टमध्ये एका सकाळी फाटक वाजलं. रुस्का. हातात फावडं, फावड्यावर बटाट्याचा पाला, पाल्यावर बोटापेक्षा जाड अळी. रुस्का फाटकाबाहेरच उभी राहिली.

“मी बोलायला आले नाही,” ती म्हणाली. “माझ्या बटाट्यांवर हे सापडलं. विषारी आहे का, तेवढं सांग.”

“मला काय माहीत?” स्तामेना म्हणाली. खरंच माहीत नव्हतं. “आत आण. भिंगाखाली बघू.”

“आत येणार नाही.”

“मग दिवा बाहेर आणते. तार तेवढी लांब नाहीये. तू दोन पावलं ये.”

रुस्का दोन पावलं आली. तार पडवीच्या कठड्यापर्यंतच पुरली, म्हणून आणखी चार आली. दोघी वाकल्या. अळी लिंबासारखी पिवळी होती, कुशीवर तिरप्या पट्ट्या, निळ्यात जांभळा मिसळलेल्या, आणि पाठभर राईचे दाणे शिंपडल्यासारखे ठिपके. मागच्या टोकाला एक छोटं वाकडं शिंग.

रुस्काने फावडं फिरवून अळीची दुसरी कूस पाहिली.

“पट्ट्या दोन्ही बाजूंना जुळल्यात,” रुस्का म्हणाली. “तुझ्या बाह्यांच्या कधी जुळल्या नाहीत.”

“कधी नाही,” स्तामेनाने कबूल केलं.

अळी मातीत घुसू पाहत होती. स्पासने बादलीत माती भरली, वर बटाट्याचा पाला घातला, आणि बादली पडवीच्या कोपऱ्यात ठेवली. रुस्का बोलायला आली नव्हती, पण बादलीत काय झालं ते विचारायला दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली. अळी मातीत गडप झाली होती. विचारण्यासारखं काहीच नव्हतं. मग ती नेव्यानाविषयी सांगायची: पोरगी नवऱ्याबरोबर स्पेनला गेली, तिथे हॉटेलात कामाला लागली, फोटो दाखवून मैत्रिणींना हसवते.

“कुठला फोटो?”

“कुठला असणार? परातीतला.”

सप्टेंबरात गल्लीभर मिरच्या भाजल्याचा वास होता. रुस्का कढईतली पळी हातात घेऊनच आली होती. दोघी पडवीवर उभ्या असताना बादलीवरचं फडकं हललं. स्तामेनाने एका बोटाने ते उचललं. आत हाताच्या पंज्याएवढा काळपट पतंग, पंख नुकते ताठ झालेले, आणि पाठीवर पिवळट कवटी, हुबेहूब माणसाची, डोळ्यांच्या खोबणींसकट. स्तामेना जवळ वाकली. पतंग उंदरासारखा चीं चीं ओरडला.

स्तामेना कधी आत पळाली, कधी स्वयंपाकघराचं दार लावलं आणि खुर्ची टेकवली, ते तिलाही कळलं नाही. किड्यांची एवढी जाणकार म्हणून आख्खं पेत्रिच जिच्याकडे काड्यापेट्या घेऊन येतं ती बाई दाराला पाठ लावून धापा टाकत उभी होती.

बाहेर रुस्काने छातीवर क्रूसाची खूण केली. पळी तशीच हातात. पण ती हलली नाही.

“स्तामेना! अगं ये बाहेर.”

“गेलं का ते?”

“कशाला जाईल? ओरडून ओरडून दमलंय. अगं, पंख उचललेत बघ. आतला पदर पिवळा आहे!”

“कसला पिवळा?” दाराआडून आवाज आला. “फिकट?”

“फिकट कसला. भाजलेल्या मक्यासारखा. आणि त्याला काळ्या दोन किनारी.”

“किनारी सरळ आहेत की वळलेल्या?”

“ते मी का सांगू? तूच बघ की.”

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. दार बोटभर उघडलं, मग वीतभर, आणि फटीतून आधी भांडी पुसायचं फडकं बाहेर आलं, मग स्तामेना.